ट्रंकेतली हाडं

विजयमाला नाथाजी मोहिते ही आमच्या गावातून डॉक्टर झालेली पहिली बाई. पुढं सांगलीत तिचा दवाखाना चांगला चालला, पण मी सांगतो आहे ते त्रेचाळीस सालच्या दिवाळीतलं. तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती आणि फार घाबरट होती. घाबरट हा शब्द माझा नाही, तिचाच. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, ताकारी स्टेशनापासून बैलगाडीनं जायचं. उसाची रानं, आणि घरटी एक माणूस पलटणीत. विजयमालेचे वडील नाथाजी सुभेदार होते. सरहद्दीवर पोटात गोळी लागून ते दवाखान्यात पडले होते, तेव्हा एका बाई डॉक्टरनं त्यांना वाचवलं. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी धरलं होतं की आपली पोरगी डॉक्टर करायची. गावानं तोंडावर काही म्हटलं नाही, सुभेदाराच्या तोंडाला कोण लागणार. पोरगी सांगलीला मामाकडं राहून इंटर सायन्स झाली आणि मुंबईला कॉलेजात डॉक्टरीला लागली. तोवर नाथाजींची पलटण लढाईवर गेली होती आणि घरी तिची आई साळूबाई एकटी होती.

डॉक्टरीच्या पहिल्या दोन वर्षांत माणसाचं शरीर फाडून शिकायचं असतं. पहिलं वर्ष विजयमालेनं कसंतरी काढलं. तेव्हा हातपाय शिकायचे होते. टेबलावरच्या माणसाच्या तोंडावर ओलं फडकं असायचं आणि ते तिनं एकदाही उचललं नाही. औषधाचा उग्र वास हातांना बसायचा, राखेनं घासले तरी जायचा नाही, म्हणून ती डाव्या हातानं चमचा धरून जेवायची.

दुसऱ्या वर्षी डोकं आणि मान आली, आणि फडकं काढावंच लागलं. ती सगळ्यांत अवघड विद्या. एवढ्याशा जागेत किती नसा, किती शिरा, कुठली कुठून निघते आणि कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर पडते, सगळं पाठ पाहिजे. तिच्या टेबलावर एक म्हातारा होता. बेवारशी मेलेला. त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीला भोक होतं, आमच्याकडची माणसं भिकबाळी घालतात तिथं. ते भोक विजयमालेनं बघितलं. हा आपल्या मुलखातला असला तर? कधीकाळी हमालीला म्हणून मुंबईला आलेला, बोटीच्या गोदीत राबलेला, कुणाचा तरी चुलता असला तर? तिनं सुरी धरली, पण कापलं नाही. बरोबरीची मुलं कापायची आणि ती नुसती उभी असायची. वसतिगृहावर जाऊन अंग धुतलं की खोलीत दिवा लावून बसायची आणि दाराकडं पाठ करायची नाही.

सहामाहीच्या तोंडी परीक्षेत मास्तरांनी तिच्या हातात कवटी दिली. हात इतके कापायला लागले की मास्तरांनीच ती परत घेतली. परीक्षा संपल्यावर त्यांनी तिला बोलावलं.

"तुला येत नाही असं नाही," ते म्हणाले. "तू घाबरतेस. दिवाळीला घरी हाडं घेऊन जा. रोज हातात धर. नाहीतर एप्रिलात तू पास होणार नाहीस, आणि दोनदा नापास झालेल्या मुलींना इथं कोणी ठेवून घेत नाही."

वरच्या वर्गातल्या एका मुलीनं तिला आपली हाडं दिली. विद्यार्थी अर्धा सांगाडा ठेवतात, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात. हा डाव्या बाजूचा होता. डावा हात, डावा पाय, कमरेचं डावं हाड, पाठीचे मणके आणि कवटी. विजयमालेनं ती एकेक करून जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळली आणि वडिलांच्या काळ्या मिलिटरीच्या ट्रंकेत ठेवली. वर पुस्तकं, वर कपडे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाथाजींचं नाव आणि नंबर घातलेला होता.

गाडीत बायकांच्या डब्यात ती ट्रंकेवर पाय ठेवून बसली. पुण्याला चढलेल्या एका म्हातारीनं आपली शिदोरी त्याच ट्रंकेवर सोडली आणि तिलाही धपाटं दिलं. विजयमालेनं ते हातात धरलं, पण तोंडात घालायचं धाडस तिला झालं नाही. ट्रंक उघडली तर ही बाई काय करील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ताकारीला उतरल्यावर गाडीवानानं ट्रंक उचलली आणि म्हणाला, "आक्का, बंदुका भरल्यात का काय हिच्यात?"

तो गंमत करत होता. चहाच्या टपरीवर बसलेला एक अनोळखी माणूसही हसला. विजयमाला हसली नाही. त्या दिवसांत आमच्या भागात असली गंमत करू नये. बेचाळीसच्या चळवळीनंतर गावोगावची पोरं भूमिगत झाली होती. तारा तुटत होत्या, ठाणी लुटली जात होती आणि रजेवर आलेल्या शिपायांकडून काडतुसं मिळतात अशी सरकारला शंका होती. आमच्या गावचा हरिबा असाच वर्षभर फरारी होता. तो तानूबाईचा एकुलता एक. तानूबाईचं घर विजयमालेच्या घरासमोर, मध्ये फक्त बोळ. हरिबा नदीकडच्या उसात आहे हे गावाला माहीत होतं, तानूबाई त्याला भाकरी पोचवते हेही माहीत होतं, आणि ते कुणीही कुणाजवळ बोलत नव्हतं.

घरी विजयमालेनं ट्रंक माडीवर नेऊन ठेवली. आईला काही सांगितलं नाही. सणाच्या दिवसांत घरात मेलेल्या माणसाची हाडं आहेत हे साळूबाईला कळलं असतं तर तिनं अंगण ओलांडू दिलं नसतं. अभ्यास आहे म्हणून ती माडीचं दार लावून घ्यायची. पहिल्या दिवशी तिनं एक मणका काढला आणि मांडीवर धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हाताची हाडं. कवटी काढायला भाऊबीज उजाडली. डोळ्याच्या खोबणीत अंगठा घालून तिनं आतली भोकं चाचपली आणि एकेका नसेचं नाव घेतलं. खाली आई करंज्यांचा डबा लावत होती, त्याचा आवाज येत होता. नावं सगळी आली. पण भीती गेली नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला, पोलिसांनी गावाला वेढा दिला.

पुरुषांना चावडीसमोर बसवलं आणि घरांची झडती सुरू झाली. फौजदार स्वतः चार शिपाई घेऊन थेट सुभेदाराच्या घरी आला. त्याला ट्रंकच पाहिजे होती. टपरीवर हसलेला माणूस त्याचाच होता हे विजयमालेला तेव्हा कळलं.

"किल्ली," फौजदार म्हणाला.

तिनं किल्ली दिली. शिपायानं कपडे उपसले, पुस्तकं फेकली आणि लुगड्याची एक गुंडाळी सोडली. कवटी बघून तो मागं सरकला आणि भिंतीला जाऊन चिकटला. साळूबाई दारात उभी होती. ती खाली बसली आणि पदर तोंडात धरला.

फौजदार मात्र घाबरला नाही. तो शिकलेला माणूस होता. त्यानं एक पुस्तक उघडून आतली चित्रं बघितली, कॉलेजचा शिक्का बघितला.

"डॉक्टरीला आहेस?"

"हो."

"ही अभ्यासाची हाडं."

"हो, साहेब."

त्यानं पुस्तक मिटलं आणि बराच वेळ हाडांकडं बघत राहिला. विजयमाला म्हणायची, त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकी त्या बघण्याची भीती वाटली. मग तो म्हणाला, "ट्रंक चावडीवर घ्या. हिलाही घ्या."

चावडीला मागं तलाठ्याची खोली होती, मध्ये फळ्यांची भिंत. विजयमालेला त्या खोलीत बसवलं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. फौजदारानं पोलीस पाटील भाऊसोंना सांगितलं, "तानूबाईला आणा." मग आवाज खाली करून जमादाराला म्हणाला, "साध्या कपड्यांतले दोघं नदीकडच्या वाटेवर, पाणंदीला ठेव. म्हातारी पळत सुटेल. तिला अडवायचं नाही, नुसतं मागं जायचं."

तेवढ्यानं विजयमालेला सगळं समजलं. हा तानूबाईला सांगणार की तुझ्या पोराची हाडं सापडली. आई ती बातमी खरी आहे का बघायला दुसरीकडं कुठं जाणार? पोरगा लपला आहे तिथंच पळत जाणार. आणि मागून पोलीस.

गप्प बसणं सोपं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, संध्याकाळी सोडून दिलं असतं, मुंबईला परत जाता आलं असतं. बोलली तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या गावात एका फरारी माणसाच्या बायकोला ठाण्यावर नेलं होतं, ती परत आली तेव्हापासून कुणाशी बोलतच नव्हती. वडील सरकारची नोकरी करतात. आई घरी एकटी.

बाहेर तानूबाई आली.

"हरिबाची आई तूच का?" फौजदार मऊ आवाजात म्हणाला. "बस. वाईट बातमी आहे. नदीच्या खालच्या अंगाला उसात हाडं सापडली. कोल्ह्यांनी काही ठेवलं नाही. लोक म्हणतात हरिबाच असावा. बघून घे."

फळ्यांच्या फटीतून विजयमालेनं बघितलं. घोंगडीवर हाडं मांडली होती आणि तानूबाई त्यांच्याकडं बघत उभी होती. मग ती पाणंदीकडं वळली. एक पाऊल टाकलं तिनं.

विजयमाला खोलीबाहेर आली. आपण कसं उठलो, दारातल्या शिपायाच्या बाजूनं कसं निघालो, हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

"काकी, थांबा," ती म्हणाली. "ती हाडं माझी हायती. मुंबईहून मी आणल्यात."

"आत जा," फौजदार म्हणाला.

"साहेब, तुमाला ठाऊक हाय." भीतीनं ती शहरातली भाषा विसरली होती. "हे बाईचं हाड हाय. कमरेचं बगा. ही खाच हाय न्हवं, बाप्याची अरुंद असती, बाईची रुंद. ही बाई हुती, तिशीच्या पुढची. उसातलं हाड असं धुतलेलं, हाताळून पिवळं झालेलं असतं व्हय?"

चावडीसमोर बसलेली माणसं उठून बघायला लागली. शिपायांनी त्यांना काठ्या दाखवून बसवलं. तानूबाई मात्र ऐकत नव्हती. खाच अरुंद की रुंद, तिला त्याचं काय. तिची नजर पाणंदीकडंच होती आणि ओठ हलत होते.

तेव्हा विजयमालेला हरिबाचा पाय आठवला. दोघं लहान असताना तो वैरणीच्या गाडीवरून पडला होता आणि नडगी मोडली होती. आटपाडीकडचा एक धनगर मेंढरं घेऊन नदीला उतरला होता, त्यानं पाय ओढून कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण मधोमध गाठ राहिली. तानूबाई कितीतरी महिने त्या गाठीवर तेल जिरवायची. पण पाय कुठला, डावा की उजवा? ट्रंकेत डावाच होता. विजयमालेनं डोळे मिटले. शाळेच्या वाटेवर हरिबा तिच्या पुढं चालायचा आणि एका बाजूला झुकायचा. ओढ्याच्या बाजूला. जाताना ओढा डाव्या हाताला.

"काकी, पायाचं हाड बगा. तुमच्या—" असं तिच्या तोंडात आलं होतं. पण फौजदार शेजारीच उभा होता आणि त्याच्याजवळ पेन्सिल होती. हरिबाच्या डाव्या नडगीला गाठ आहे हे एकदा बोललं, की प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक पुलावर पोरांची धोतरं वर करून नडग्या चाचपल्या जातील. तिनं वाक्य गिळलं. खाली वाकून नडगीचं हाड उचललं आणि तानूबाईच्या दोन्ही हातांत ठेवलं.

"हात लावून बगा, काकी. वरपासनं खालपातूर. आई हाय तुमी."

तानूबाई हाड हातात घेऊन उभी राहिली. मग तिचा अंगठा पुढच्या कडेवरून फिरायला लागला. गुडघ्यापासून निघाला, मध्यावर आला आणि तिथं थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा मध्यावर आला. कड सरळ होती, कुठं उंचवटा नाही. तिनं मान वर करून विजयमालेकडं बघितलं आणि विजयमालेनं नजर खाली केली, कारण आपल्याला ठाऊक आहे ते फौजदाराला डोळ्यांत दिसेल अशी तिला भीती वाटली.

"न्हाई," तानूबाई म्हणाली. "ह्यो माझा न्हाई."

"कशावरून?" फौजदारानं विचारलं.

"आईला कळतंय."

"नीट सांग. काही खूण आहे?"

"खूण कसली, सायेब. माझ्या हाताखाली वाढलाय त्यो." तिनं हाड घोंगडीवर ठेवलं, हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. "मी जाऊ का? चुलीवर आमटी हाय."

ती गेली, आणि पाणंदीकडं नाही, घराकडं गेली. साध्या कपड्यांतले दोघं तिच्या घराच्या आसपास दिवस मावळेपर्यंत फिरत होते. तानूबाईनं दारात बसून शेंगा फोडल्या, शेजारणीला हाक मारून विस्तव मागितला आणि कुठंही गेली नाही. पुढचे आठ-दहा दिवस हरिबाला भाकरी कुणी नेली हे मला माहीत नाही. कुणीतरी नेली.

विजयमालेला फौजदारानं दुपारभर चावडीत बसवून ठेवलं. तिला मारलं नाही, ओरडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मुंबईत कुठं राहतेस ते मला ठाऊक आहे. सुभेदारसाहेबांची पलटणही ठाऊक आहे." हाडं त्यानं ट्रंकेसकट नेली.

घरी साळूबाईनं तिला अंगणातच थांबवलं आणि डोक्यावरून पाणी ओतलं. मग माडी शेणानं सारवली. रात्रीचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर एवढी हाडं ठेवून करंज्या खाल्ल्यास, माले. मला सांगायचं तरी."

"तू भ्याली असतीस, आई."

"आता भ्याले न्हाई व्हय?" साळूबाई म्हणाली. तिनं मुलीचा हात हातात घेतला तेव्हा दोघींचेही हात थंड होते.

गावात कुणी विजयमालेची पाठ थोपटली नाही. आठवडाभर बायका त्यांच्या आडावर पाण्याला आल्या नाहीत. रंगुबाई नावाची चुलती म्हणाली, पोरगी मढी उकरायला शिकती. हरिबाबद्दल बोलणं धोक्याचं होतं, तेव्हा लोक हाडांबद्दल बोलले.

मुंबईत त्या हिवाळ्यात तिची झोप गेली. फाटकाशी खाकी कपड्यांतला माणूस दिसला की ती मागच्या दारानं यायची. वडिलांचं पत्र उशिरा आलं की तिला वाटायचं फौजदारानं काहीतरी केलं. हाडं हरवली म्हणून त्या वरच्या वर्गातल्या मुलीसमोर जायची तिला लाज वाटायची. ती मुलगी मात्र एवढंच म्हणाली, "तू सुटलीस ना." पुढं कॉलेजच्या हाडांच्या खोलीत, शिपाई कुलूप लावेपर्यंत, विजयमाला बसायची. कान टोचलेल्या त्या म्हाताऱ्याच्या मानेवर तिनं शेवटी सुरी चालवली. हात कापतच होता, पण नस तुटली नाही. एप्रिलच्या परीक्षेत ती जेमतेम पास झाली. शरीररचनेत तिला कधीच मोठे मार्क पडले नाहीत.

शेहेचाळीस साली वॉरंटं रद्द झाली आणि हरिबा उजळ माथ्यानं गावात आला. वाळलेला, दाढी वाढलेला. नाथाजीही त्याच वर्षी पेन्शनीवर आले. चावडीतलं सगळं त्यांना भाऊसो पाटलांनी सांगितलं. त्यांनी मुलीला विचारलं, "भ्याली हुतीस?" ती म्हणाली, "लय." त्यावर ते उठून बैल बघायला गेले.

स्वातंत्र्य आल्यावर विजयमालेनं तालुक्याच्या ठाण्यावर हाडांची चौकशी केली. कुणाला काही ठाऊक नव्हतं. एक म्हातारा हवालदार म्हणाला, जुन्या साहेबांनी बदली होताना ओढ्याकाठी पुरायला लावली. दुसरा म्हणाला, छे, भंगारात गेली. ट्रंक मात्र होती. तीत दप्तर भरलेलं होतं.

ती गावात आली तेव्हा तानूबाई घरी येऊन बसली. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

"ती बाई कोण हुती गं?" तानूबाईनं विचारलं.

"ठाऊक न्हाई, काकी. बेवारशी मेलेली कुणीतरी. तिचं नाव कुणीच लिहून ठेवत न्हाई."

"लेकरं असतील का तिला?"

"सांगता येत न्हाई."

तानूबाईनं मान हलवली. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला तिनं घरच्या पानांबरोबर एक पान जास्त वाढलं, आणि ती असेपर्यंत दरवर्षी वाढत राहिली. कुणासाठी, हे तिच्या सुनेनं विचारलं तर म्हणायची, हाय एक पावणी.

अठ्ठेचाळीसमध्ये विजयमालेनं सांगलीत बायकांचा दवाखाना उघडला. बाळंतपणात तिचा हात चांगला होता. पण दारावर कुणी जोरात थाप मारली की ती जागची दचकून उठायची आणि दार उघडायच्या आधी, कोण आहे, असं दोनदा विचारायची. पेशंट बायका म्हणायच्या, डॉक्टरीण बाईंचा स्वभावच तसा आहे.